‘खेळण्यातली गाडी’ नव्हे: बार्शी लाइटच्या इंजिनांची कैफियत

१/ हिमायतनगर आणि लातूर येथील जुन्या गाड्यांची छायाचित्रे शेजारी लावून खाली ‘निजामाने दिलेली खेळण्यातली गाडी’ असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. या एका ओळीत दोन चुका आहेत.

२/ पहिली चूक मालकीची. मुदखेड-किनवट मार्गावरील हिमायतनगर मीटरगेजवर होते आणि तो मार्ग निजामाच्या रेल्वेचा होता. लातूरचा मार्ग मात्र ७६२ मिमी रुंदीचा नॅरोगेज. लातूर निजामाच्या राज्यात असले, तरी रूळ आणि इंजिने लंडनच्या ‘बार्शी लाइट रेल्वे’ या खासगी कंपनीची होती.

३/ दुसरी चूक अधिक गंभीर आहे: ‘खेळणे’ हा शब्द. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने कुर्डुवाडी (तेव्हाचे बार्शी रोड) ते बार्शी हा मार्ग सुरू केला. उद्देश हौसेचा नव्हता. बैलगाडीने जाणारा कापूस कमी खर्चात मुख्य मार्गावर पोहोचवायचा होता.

४/ त्याचे सूत्र सोपे होते: इंजिन असो वा वाघिण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. म्हणजे चार आसांची वाघिण मालासह वीस टनांपर्यंत जाऊ शकते, आणि हलक्या रुळांची ताकद पुरेपूर वापरली जाते.

५/ म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडलेली चालक चाके आणि मागे चार आधारचाके होती. वजन विभागले जाई आणि ओढण्याची शक्ती टिके. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला.

६/ ‘मग ही साहेबाची कृपाच!’ असे म्हणणाऱ्यांनीही थांबावे. ज्ञानाचा प्रवाह उलटही वाहिला. बार्शीचा अनुभव घेऊन कॅलथ्रॉपने १९०४ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची गाडी त्यानंतरही अनेक दशके धावत राहिली.

७/ दोष होतेच. कुर्डुवाडीला गेज बदलत असल्याने प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत जाई. १९५४ मध्ये सरकारने मार्ग ताब्यात घेतला, तरी ही अडचण सुटली नाही. ब्रॉडगेजची मागणी न्याय्यच होती. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रूपांतर झाले, याचे दुःख करण्याचे कारण नाही.

८/ दुःख वेगळेच आहे. कॅलथ्रॉपचे नाव ग्रंथांत आहे. पण ज्यांनी त्या भट्टीत कोळसा टाकला, कुर्डुवाडीच्या कार्यशाळेत बॉयलर दुरुस्त केले, पोती वाहिली, त्यांची नावे कुठे आहेत? त्यांच्या घरी अजून जुने हजेरीपट, ओळखपत्रे आणि आठवणी असतील. त्या नोंदवून घेणे हे इतिहासाचे काम आहे. ‘किती गोड गाडी!’ म्हणून छायाचित्र पुढे ढकलणे हे नव्हे.