विश्लेषण : बेसबॉलचा गेम शाळेच्या मैदानातून सुरू होतो, आपला क्रिकेट गेम थेट स्टेडियममध्येच का?

‘एमएलबी द शो’ हा अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलवर बेतलेला व्हिडीओ गेम. सोनीच्या सॅन दिएगो स्टुडिओने मार्च २०२५ मध्ये आणलेल्या आवृत्तीत तुमच्या खेळाडूची कारकीर्द थेट व्यावसायिक संघापासून नव्हे, तर शाळेच्या संघापासून सुरू होते. चंद्रपूर-गडचिरोलीत हा गेम खेळणारे फार थोडे असतील. पण इथली मुले मोबाइलवर जे क्रिकेट खेळतात, त्यात काय सुधारायला हवे, हे या गेमकडे पाहिले की चटकन लक्षात येते.

खेळण्यात नेमका काय बदल झाला?

बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा घेत नाही. पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर १८.४४ मीटर. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो. गेममध्ये पडद्यावर एक छोटी निशाणी असते. ती चेंडूच्या वाटेत न्यायची आणि वेळेत बटण दाबायचे, ही झाली फलंदाजी. २०२५ मध्ये त्यात ‘अँबुश हिटिंग’ आले. चेंडू सुटण्याआधीच तो आत येणार की बाहेर जाणार, याचा अंदाज बांधायचा. बरोबर आला तर फटका सोपा, चुकला तर अवघड. गोलंदाजीसाठी २०२१ पासून ‘पिनपॉइंट पिचिंग’ आहे. त्यात प्रत्येक प्रकारच्या चेंडूसाठी कंट्रोलरच्या स्टिकने ठरावीक आकृती काढावी लागते. पाटीवर अक्षर गिरवावे तसे. हात जितका नेमका, तितका चेंडू नेमका. थोडक्यात, चांगला खेळायचे तर सराव हवा. मला हा गेम आवडतो तो यामुळे.

मग राजुऱ्यातल्या मोबाइलवर काय होते?

इथे माझ्यातला इंजिनीअर थोडा जागा होतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर अर्ध्या सेकंदात चेंडूची ३० चित्रे दिसतात. स्वस्त मोबाइलवर सेकंदाला ३० चित्रे मिळाली, तर तोच चेंडू १५ चित्रांत संपतो. गेममध्ये चेंडू थोडा हळू केलेला असतो, पण हिशेब तोच. त्यात मे महिना. आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, मोबाइल तापतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. चित्रे आणखी घटतात.

माझा मामेभाऊ राजुऱ्याला असतो. गेल्या उन्हाळ्यात दुपारी क्रिकेटचा गेम खेळताना वैतागून म्हणाला, ‘‘दादा, बॉल दिसूनच नाही राह्यला ना!’’ आपला टायमिंग बिघडला, असे त्याला वाटत होते. मी ग्राफिक्स सर्वांत खालच्या पातळीवर आणले, मोबाइलचे कव्हर काढले आणि त्याला कूलरसमोर बसवले. पुढच्या षटकात त्याने दोन चौकार मारले. याला कोणी प्रयोग म्हणणार नाही, पण दोष मुलाच्या हातात नव्हता एवढे त्यातून कळले.

दुसरी अडचण नेटवर्कची. दोघांनी ऑनलाइन खेळायचे तर बटण दाबल्याचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यावा लागतो. तो अर्धा सेकंद उशिरा आला की चेंडू यष्टिरक्षकाकडे पोहोचलेला असतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिथे सतत इंटरनेट मागणारा गेम कोणाच्या कामाचा?

नवी आवृत्ती आली की जाहिरातीत फटक्यांची संख्या, स्टेडियमचे दिवे, खेळाडूंच्या दाढ्या यांचेच कौतुक असते. चित्रे अडखळू नयेत, डाउनलोड हलके असावे, इंटरनेटशिवाय पूर्ण सामना खेळता यावा, या गोष्टींची जाहिरात होत नाही. ‘द शो’सुद्धा यात धुतल्या तांदळासारखा नाही. २०२५ च्या आवृत्तीने प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही जुनी यंत्रे सोडून दिली. ज्यांच्याकडे ही जुनी यंत्रेच आहेत, त्यांच्यासाठी शाळेपासूनची ती वाट नाही.

ती वाट इतकी महत्त्वाची का?

कारण खेळाडू तिथेच घडतो. ‘द शो’मध्ये आता शाळेचे सामने, मग कॉलेज किंवा थेट निवड, मग कनिष्ठ संघ आणि त्यानंतर मोठे मैदान असा प्रवास आहे. २०२४ पासून महिला खेळाडूचीही कारकीर्द खेळता येते.

आता आपल्याकडे बघा. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला : २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. विदर्भातून कसोटी खेळणारा पहिला खेळाडू उमेश यादव. वडील कोळसा खाणीत कामाला, बालपण नागपूरजवळच्या खाण वसाहतीत, लहानपणीचे सगळे क्रिकेट टेनिस बॉलवर. नोव्हेंबर २०११ मध्ये त्याने कसोटीत पदार्पण केले. घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या कोळसा वसाहतींतील मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पण ती खेळता येईल असा गेम त्याच्या मोबाइलवर नाही. तिथे पहिलाच चेंडू प्रकाशझोतात आणि भरल्या स्टेडियममध्ये पडतो.

टेनिस बॉल, मॅटिंगची खेळपट्टी, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घराची भिंत, असे मैदान बनवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. चेंडूची उसळी हा गेमच्या गणितातला एक आकडा असतो. प्रेक्षकच नसलेले मैदान तर स्टेडियमपेक्षा हलके. म्हणजे ज्या मोबाइलवर स्टेडियम अडखळते, तिथे राजुऱ्याचे मैदान चालण्याची शक्यता जास्त!

इतिहासही गेममध्ये आणता येतो?

‘द शो’ने २०२३ मध्ये ‘स्टोरीलाइन्स’ आणले. वर्णभेदामुळे मोठ्या लीगची दारे बंद असलेले कृष्णवर्णीय खेळाडू ज्या ‘निग्रो लीग्ज’मध्ये खेळले, त्यातले सॅचेल पेज, बक ओनील यांच्यासारख्यांचे प्रसंग यात स्वतः खेळायचे. कॅन्सस सिटीतील निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियमचे अध्यक्ष बॉब केंड्रिक ते सांगतात. मी ते यूट्यूबवर पाहिले, तेव्हा पहिले नाव आठवले पळवणकर बाळू यांचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची कामे करता करता हा दलित तरुण गोलंदाज झाला. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू चालायचा, चहा मात्र वेगळ्या कपात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. यावर गेम बनवायला अमेरिकी स्टुडिओ येणार नाही.

हे करणार कोण?

‘रिअल क्रिकेट’ बनवणारी नॉटिलस मोबाइल कंपनी भारतीयच. स्निकोमीटर, हॉटस्पॉट त्यांनी मोबाइलवर आणले. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने, म्हणजे ‘बीजीएमआय’वाल्यांनी, त्यातील मोठा वाटा घेतल्याचे जाहीर केले. तेव्हा पैसा आणि हुन्नर दोन्ही आहे. शाळेपासूनची कारकीर्द आणि इंटरनेटशिवाय चालणारा सामना, एवढी मागणी नक्कीच करता येईल. चाचणीसाठी मे महिन्यातील दुपारी दोनची वेळ आणि राजुऱ्यातील एक जुना मोबाइल उपलब्ध आहे. कूलर मात्र बंद ठेवावा लागेल.