रंग हाती घेण्याआधी भिंत पाहा

पावसाळा सरला की वस्तीतल्या घराघरांत रंगाची बोलणी सुरू होतात. कुठे लग्नकार्य निघालेले असते, तर कुठे पाच-सहा वर्षांत भिंतींना हात लागलेला नसतो. रंगाऱ्याची मजुरी आणि डब्यांची किंमत यांची बेरीज महिन्याच्या पगारात बसत नाही. मग सुट्टीचे दोन दिवस गाठून घरचीच मंडळी ब्रश हातात घेतात. यात कमीपणा काहीच नाही. परंतु अनेक घरांत आम्ही असे पाहतो, की हौसेने दिलेला रंग पुढच्याच पावसाळ्यात पोपडे धरून गळू लागतो. दोष रंगाला आणि दुकानदाराला दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा रंगाच्या खाली, भिंतीत असतो.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्यापूर्वी भिंत तपासावी. ओल आहे की नाही हे नुसत्या हाताने कळत नाही. सुमारे एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चिकटपट्टीने चारही बाजूंनी भिंतीला घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीच्या पोटात आहे असे समजावे. भिंतीला लोणा लागून पांढरी पूड येत असेल, तरी अर्थ तोच. गच्चीची भेग, बाहेरच्या प्लास्टरची फट, नळाची जोडणी, नाहीतर वरच्या घरातली मोरी, यांपैकी एखादे कारण सापडते. ते दुरुस्त करून भिंत वाळू द्यावी. त्याआधी दिलेला महागडा रंगही टिकत नाही. गळती शेजाऱ्याकडून येत असेल, तर भांडणापेक्षा दोघांनी मिळून प्लंबर बोलावणे स्वस्त पडते. नवे प्लास्टर असेल, तर त्यालाही निदान 28 दिवस द्यावेत.

मग भिंतीवरून तळहात फिरवावा. हाताला पांढरे लागले, तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटा झालेला आहे. नवा रंग भिंतीला न चिकटता त्या पुडीला चिकटतो आणि पुडीबरोबरच गळतो. म्हणून सुटे झालेले सगळे खरवडून काढावे. भेगा भराव्यात, लांबी म्हणजे पुट्टी पातळ हातांनी लावावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून ओल्या फडक्याने धूळ पुसावी आणि प्रायमर द्यावा. पुट्टी दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवावी. प्रायमर वाचवून काही रुपये शिल्लक पडतात खरे, पण कोरी भिंत रंग पिऊन टाकते आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे रंगात जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दारे, खिडक्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतींवर जुना ऑइलपेंट असतो. घरगुती रंगांतील शिशाला 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, एवढीच मर्यादा घालणारे नियम आपल्या देशात 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे याहून पुष्कळ जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला, की त्याची बारीक धूळ जमिनीवर, अंथरुणावर आणि भांड्यांवर बसते. रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीला कायमची इजा होते. बुद्धी आणि अभ्यासातले लक्ष दोन्हींवर परिणाम होतो. पोटाला चिमटा घेऊन आपण मुलांना शिकवतो, त्यांच्याच डोक्यावर आपल्या हाताने घाव घालू नये. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर त्याला पूर्ण खरवडू नये. पाण्याचा हात फिरवत वॉटर पेपरने फक्त चकाकी मारावी, म्हणजे नवा रंग धरतो. जाळून काढण्याचा प्रकार तर कधीच करू नये. मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे. तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लावावा. केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावे आणि खपल्या पिशवीत बांधून टाकाव्यात.

रंगाचा हिशेब सोपा आहे. खोली 10 बाय 12 फूट आणि उंची 10 फूट धरली, तर चार भिंती मिळून 440 चौरस फूट होतात. एक दार 21 आणि एक खिडकी 12 चौरस फूट वजा केली, की 407 उरतात. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला 60 चौरस फूट लिहिलेले असेल, तर सात लिटर पुरतात. छताचे 120 चौरस फूट वेगळे धरावेत. डबे एकाच बॅचचे घ्यावेत आणि एका भिंतीला लागणारा रंग एकाच बादलीत मिसळावा. नाहीतर अर्धी भिंत एका छटेची, अर्धी दुसऱ्या छटेची होते. पाणी डब्यावर लिहिले आहे तेवढेच, तेही मापून घालावे. रंग पुरवण्यासाठी जास्त पाणी घातले, तर दोन हातांच्या जागी तीन द्यावे लागतात.

आधी छत, मग भिंती, असे वरून खाली यावे. हाती घेतलेली भिंत पुरी केल्याशिवाय जेवायला उठू नये, कारण वाळलेल्या कडेवर जोड दिसतो. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा.

टेबलावर स्टूल चढवून छत रंगवू नये, पक्की शिडी मागून आणावी. स्विचबोर्डाजवळ ओले फडके लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन चालू असताना गॅस पेटवू नये, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एकाच खोलीचे घर असेल, तर वास जाईपर्यंत लहान मुलांना शेजारी निजवावे.

आणखी एक सांगणे. रंग पुरुषांनी द्यायचा आणि नंतरची धुलाई-पुसाई घरच्या बाईने एकटीने करायची, ही वाटणी बरी नाही. सामान हलवण्यापासून ब्रश धुण्यापर्यंत सर्वांनी हात लावावा. आणि उंच जिना, बाहेरची भिंत अशी कामे रंगाऱ्यालाच द्यावीत. आपण दोन दिवस ब्रश धरला, की त्याच्या कामाला किती कसब लागते हे कळते. मग मजुरीत घासाघीस करायला जीभ धजावत नाही.

काम संपल्यावर रंगाचे नाव, छटेचा क्रमांक, लागलेले लिटर आणि तारीख घरच्या वहीत टिपून ठेवावी. पुढे एखादा कोपरा दुरुस्त करायचा झाला, तर ती नोंद उपयोगी पडेल.