कुऱ्हाडीचा अभ्यासक्रम

झाडें लावा असें सांगणाऱ्यास सभेंत टाळ्या मिळतात. झाड कसें तोडावें हें सांगणाऱ्याकडे लोक संशयानें पाहतात. त्यांतून आमचा बीड जिल्हा बालाघाटाच्या उघड्या माथ्यांचा आणि बेभरंवशाच्या पावसाचा. बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर 'सह्याद्री देवराई'च्या मंडळींनीं झाडें वाढविलीं व फेब्रुवारी २०२० मध्यें तेथेंच वृक्षसंमेलन भरविलें; अध्यक्षस्थान एका वडास दिलें होतें. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय निवडणुकांचे रंग ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही बिनविरोध निवड विशेष रुचेल. अशा जिल्ह्यांत बसून मी या महिन्यांत वृक्षतोडीच्या शिक्षणाविषयीं लिहिणार आहें. वाचकांनीं रागवावयाचें तें शेवटपर्यंत वाचून मग रागवावें.

निमित्त असें झालें. माझा एक जुना विद्यार्थी वनविद्येचा अध्यापक आहे. तोडीच्या विषयाचा पाठ्यक्रम नव्यानें बांधण्याचें काम त्याच्याकडे आलें, आणि इंग्रजी संज्ञांना मराठी प्रतिशब्द सुचवावे म्हणून त्यानें तो कच्चा आराखडा माझ्याकडे धाडला. "गुरुजी, धातु तुमचे, कुऱ्हाड आमची," असें वर लिहिलें होतें. शब्द शोधतां शोधतां माझें लक्ष शब्दांवरून विषयावर गेलें, आणि जें सुचलें तें त्याला कळविलें. त्यांतील कांहीं भाग आपल्या वाचकांच्याही उपयोगाचा आहे, कारण आपल्यापैकीं पुष्कळांच्या नांवावर गांवाकडे अजून दोनचार एकर आहेत आणि बांधावर झाडें आहेत.

आपल्या राज्यांत वनविद्येची पदवी दापोली व अकोला येथील महाविद्यालयांतून मिळते. हें शिक्षण कृषि विद्यापीठांच्या छत्राखालीं असल्यामुळें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समित्या त्याची चौकट आंखून देतात. सहाव्या समितीचा अहवाल २०२४ सालीं आला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशीं मेळ घालून सर्वच पाठ्यक्रमांची मांडामांड पुन्हां सुरू झाली. पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय त्यांत आहे. अशी फेरमांडणी बहुधा जुन्या कपाटाला नवा रंग द्यावा तशी होते. आंतले खण तेच राहतात. तोडीच्या विषयाचे खण मात्र मोडून नवे करावे लागतील असें मला वाटतें, आणि त्याचें कारण इतिहासांत आहे.

डेहराडूनची वनशाळा १८७८ सालीं निघाली; त्याच वर्षीं सरकारनें जंगलचा मोठा कायदा केला. शाळा आणि कायदा या जुळ्या बहिणी. तेव्हांपासून तोडीचें शास्त्र म्हणजे सरकारी जंगलाच्या तोडीचें शास्त्र. कूप आंखावा, झाडावर हातोड्याचा शिक्का मारावा, ओंडके बैलांनीं किंवा हत्तींनीं ओढून रस्त्यावर आणावे, तेथून डेपोंत न्यावे आणि लिलाव पुकारावा. आलापल्लीच्या सागवनांत हें सर्व शोभतें. परंतु १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें जंगलाचा पहिला हेतु उत्पन्न हा नसून पर्यावरणाचा तोल राखणें हा ठरविला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन खटल्यांत मंजूर कार्ययोजनेवांचून होणारी जंगलतोड थांबविली. कूप आकसले, पण लांकडाची गरज कांहीं आकसली नाहीं. ती जंगल सोडून शेताच्या बांधावर आली. आज देशांतील कारखान्यांस लागणारें बहुतेक लांकूड शेतकऱ्यांच्या झाडांचें असतें. २०१७ सालीं कायदा दुरुस्त करून जंगलाबाहेरच्या बांबूस 'वृक्ष' या व्याख्येंतून मोकळें केलें, आणि जून २०२५ मध्यें केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें शेतजमिनीवरील झाडें तोडण्याविषयींचे नमुना नियम राज्यांकडे धाडले. कायदा बांधावर येऊन पोंचला. पाठ्यपुस्तक मात्र अद्याप कूपांतच बसून आहे.

बीड जिल्ह्यांत जंगल असें थोडेंच. पाटोद्याकडे नायगांवचें मोरांचें अभयारण्य आहे, डोंगरउतारावर सीताफळीचीं झुडपें आहेत. खरें लांकूड आहे तें बांधावरच्या बाभळीचें, लिंबाचें आणि ओढ्याकांठच्या आंब्याचिंचांचें. बाभळीस कमी लेखूं नये. गाडीचे तुंबे, आरे, जूं, नांगर, कुळव हीं सर्व तिचींच. हें झाड विकलें कसें जातें तें पाहा. घरांत लग्न निघतें, किंवा दवाखान्याचा खर्च येतो, किंवा बियाण्यास पैसे नसतात. व्यापारी येतो, बुंध्याभोंवतीं एक फेरी मारतो, वर पाहतो आणि उक्ती किंमत सांगतो. शेतकरी थोडी घासाघीस करतो व मान हालवितो. चाळीस वर्षांच्या वाढीचा सौदा पांच मिनिटांत होतो, आणि त्यांत मोजमाप असें कांहींच नसतें.

जेथें मोजमाप होतें तेथें काय होतें तेंही सांगतों. वखारीचा नियम असा कीं ओंडक्याचा घेर घ्यावा, त्याचा चौथा हिस्सा काढावा, त्याचा वर्ग करून लांबीनें गुणावें. अठराव्या शतकांतील हॉपस नांवाच्या इंग्रज मोजणीदाराच्या कोष्टकांवरून हा नियम प्रसिद्ध झाला. ४० इंच घेराचा, १० फूट लांबीचा ओंडका घ्या. चौथाई १० इंच, वर्ग १००. लांबीनें गुणून १४४ नीं भागिलें कीं ६.९४ घनफूट येतात. आतां तोच ओंडका वर्तुळ धरून मोजा. छेदाचें क्षेत्रफळ १०० नव्हे, १२७.३ चौरस इंच भरतें, आणि लांकूड ८.८४ घनफूट होतें. म्हणजे शंभरांतले साडेएकवीस हिस्से हिशेबांतून गेले! व्यापारी म्हणतो, ओंडका चौरस करतांना कडा वायां जातात, त्यांची ही सूट. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु कडा वायां जात नाहींत, जळणाच्या भावानें पुन्हां विकल्या जातात. आणि सूट द्यावयाची तर देणाऱ्यास ती ठाऊक असावी. माझ्या विद्यार्थ्याच्या आराखड्यांत हा नियम एका ओळींत आटोपला होता. मीं त्याला लिहिलें कीं यावर आठवडाभर शिकीव, आणि प्रत्येक मुलाला सुतळी व फूटपट्टी देऊन एकेका गांवीं पाठीव.

हें गणित आपल्याकडे नवें नाहीं. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (इ. स. ११५०) क्रकचव्यवहार म्हणून एक प्रकरण आहे, क्रकच म्हणजे करवत. बुंध्याशीं २० अंगुळें, शेंड्याशीं १६ अंगुळें, लांबी १०० अंगुळें असें लांकूड चार ठिकाणीं उभें चिरलें, तर करवतीचें काम किती हस्त झालें, असा त्यांत प्रश्न आहे. सरासरी १८, गुणिलें १००, गुणिलें ४ म्हणजे ७२००; चौरस हस्ताचीं अंगुळें ५७६, म्हणून उत्तर साडेबारा. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यापुढचा श्लोक. विटांची रचाई, दगडांची रचाई, खणाई आणि कापाई यांचें मोल कामकऱ्यांच्या संमतीनें व वस्तु मऊ आहे कीं कठीण यावरून ठरतें, असें आचार्य सांगतात. आंकडेमोडीच्या ग्रंथांत, सूत्रें संपतांना, हा गणिती थांबून म्हणतो कीं येथपुढें माझें सूत्र चालत नाहीं, करवत धरणाऱ्याला विचारा. (त्यांचें विज्जडविड म्हणजे आमचें बीडच, असें कित्येक विद्वान म्हणतात व कित्येक खोडून काढतात. त्या वादांत मी पडत नाहीं. बीडकराचें मत कोण मानणार?)

तोडणाऱ्या माणसाकडे आतां वळतों. जुन्या अभ्यासक्रमांत 'लॉगिंग अँड अर्गोनॉमिक्स' असें जोडनांव आढळतें. दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ श्रमाचें शास्त्र. नांवांत जोडी, शिकविण्यांत मात्र पहिलेंच अर्धें. या जिल्ह्याला दुसरें अर्धें शिकविण्याची गरज नाहीं. तो त्याचा अनुभव घेतोच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून लाखों माणसें ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. माणसें दोन, हिशेबांत हत्यार एक. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा महागांत पडतो. या कामकरी स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठीं २०१९ सालीं सरकारला समिति नेमावी लागली. ऊस आणि लांकूड निराळें असलें तरी ओझें उचलणारी पाठ एकच. विद्यापीठाला तोडीच्या श्रमाचा अभ्यास करावयाचा असेल तर त्याची प्रयोगशाळा धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या बाजूंच्या गांवांत घरोघर आहे.

झाड पाडण्याच्या कृतीसंबंधीं मात्र विद्यापीठाजवळ द्यावयास पुष्कळ आहे, आणि तें खालपर्यंत पोंचत नाहीं. ज्या बाजूस झाड पाडावयाचें त्या बाजूला प्रथम खांच घ्यावी. ती व्यासाच्या चौथाईपासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असावी. मग मागून, खांचेच्या तळापेक्षां किंचित् वर, काप घालावा. दोहोंच्या मध्यें व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लांकडाची पट्टी मुद्दाम शिल्लक ठेवावी. तिच्यावरच झाड दारासारखें फिरून पडतें. ती पट्टी कापून टाकली कीं झाड कोणाचें ऐकत नाहीं. तोडणाऱ्यानें पळण्याची वाट आधीं मोकळी करावी, ती मागें तिरपी असावी. आणि इतरांनीं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर राहावें. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें १९९८ सालीं जंगलकामाच्या सुरक्षिततेची आचारसंहिता काढली, तिचा रोख हाच आहे. आमच्याकडे यंत्राची करवत गांवोगांव आली, पण तिच्याबरोबर हा धडा आला नाहीं. दुकानदार तेल कोठें घालावें तेवढें सांगतो.

शब्दांविषयीं माझें मत विद्यार्थ्याला प्रथम पटलें नाहीं. त्याला मजकडून भारदस्त संस्कृत हवें होतें. उरलेल्या पट्टीस मीं 'बिजागरी' सुचविली. ऐकतांच काम कळतें. बुडख्यापासून पुन्हां फुटणाऱ्या वाढीला त्यानें 'स्थाणुज पुनरुद्भव' लिहून ठेविलें होतें. स्थाणु शब्द मला प्रिय आहे, पण आमच्या ऊसकऱ्यांजवळ 'खोडवा' असतांना तो कशाला? उसाला जमिनीलगत कोयता लावला तर खोडवा चांगला येतो, हें येथील पोरालाही ठाऊक आहे. लिंबाचेंही तसेंच : बुडखा ठेंगणा, काप धारदार व उताराचा, साल फाटूं न देतां घेतला तर जोमदार फुटवे येतात. बाभळीचा खोडवा बेताचा, तिचें बीं पेरावें हें बरें. आणि वेडी बाभूळ तर नको म्हटलें तरी फुटते. अशा रीतीनें सांगितलें तर चार वर्षांचा धडा एका दुपारीं समजतो.

आराखड्यांत आणखी एक गोष्ट घालावी असें मीं लिहिलें आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाचें प्रकरण आहे. सागासारखीं लांकडें परवानगीनें तोडून न्यावीं. आंबा-फणस लांकूड कामाचें असलें तरी त्यांस हात लावूं नये, कारण रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड अगदीं जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार करूं नये. हें सर्व पर्यावरणाच्या व्याख्यानांतून वारंवार सांगण्यांत येतें, पण अर्धेंच. तो मजकूर मुळांत तोडीचा नियम आहे. कोणतें तोडावें, कोणाला विचारून, काय देऊन, याचा. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोड नियमन कायदा साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा झाडांसाठीं वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी मागतो. त्या कायद्याशेजारीं अमात्यांचें पान लावून मुलांस वाचावयास द्यावें, आणि परवानगी कोणाची घ्यावयाची यांत दोहोंचा फरक काय, असा प्रश्न परीक्षेंत घालावा.

परीक्षेविषयीं माझी सूचना विद्यार्थ्याला जरा धाडसाची वाटली. प्रात्यक्षिक परीक्षा बांधावर घ्यावी. एक परीक्षक विद्यापीठाचा असावा, दुसरा गांवचा अनुभवी लांकूडतोड्या, आणि गुण दोघांनीं मिळून द्यावे. दुसऱ्याला लिहितां येत नसेल तर पहिल्यानें लिहून घ्यावे. मुलानें उभ्या झाडाचा घेर व उंची मोजून लांकूड किती व किंमत किती तें मालकाला मराठींत समजावून सांगावें, कोठें पाडणार तें दाखवावें, आणि हें झाड अजून पांच वर्षें ठेवल्यास काय मिळेल तेंही सांगावें. यांतून कित्येकदां झाड वांचेल. तें वांचलें तरी मुलगा उत्तीर्ण धरावा. विद्यापीठाच्या नियमांत अशा परीक्षकाचें मानधन कोणत्या सदरांत घालावें, हा पेंच आहे म्हणे. भास्कराचार्यांनीं सांगितलेली संमति घेण्यास कोणतें सदर लागतें तें मला कळत नाहीं.

एका शब्दापाशीं मात्र काम अडलें आहे. पडतां पडतां झाड शेजारच्या झाडाच्या फांद्यांत अडकून तिरपें राहतें. तोडणाऱ्यांस याहून घातक दुसरें कांहीं नाहीं. खालून ओढायला गेलेल्या माणसावर तें केव्हां येईल याचा नेम नसतो. संस्कृतांत शब्द बनवितां येईल, पण मला रानांतला हवा आहे, ओरडून सांगतां येईल असा. आपल्या गांवीं असा शब्द चालत असेल तर वाचकांनीं एका कार्डावर लिहून, कोणत्या तालुक्यांत बोलतात तें नमूद करून, मासिकाच्या पत्त्यावर धाडावा. पाठ्यक्रमाचा खर्डा पावसाळ्यापूर्वीं छापावयास जाणार आहे.