काळा विठोबा आणि 'वर्ण' नावाचा रकाना

गेले दोन वीकेंड रिलीजच्या गडबडीत गेले, त्यामुळे इकडे काही खरडलं नाही. आज मात्र डोकं सणकलंय, तेव्हा लिहून मोकळा होतो.

झालं असं, की ताईने भाचीचा बायोडेटा पाठवला. "जरा नीट टाईप करून दे रे." भाची आर्किटेक्ट आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे. शिक्षण, नोकरी, उंची.. आणि पुढे 'वर्ण : गव्हाळ'. आता आमची भाची गव्हाळ नाही, सावळीही नाही, सरळ काळी आहे. आणि देखणी आहे. (इथे 'पण' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.)

फोन केला. "ताई, हे खोटं कशाला?" तर म्हणाली, "अरे, खरं लिहिलं की फोनच येत नाहीत. पुढचं पुढे बघू." मागून भाचीचा आवाज आला, "मामा, लिही ना गव्हाळ. वाद नको."

त्या 'वाद नको'ने माझी झोप उडाली. कारण त्या रकान्याशी माझं जुनं नातं आहे. २००६ साली आमच्या टीमकडे लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाईटचं काम होतं. त्यातला रंगाचा ड्रॉपडाऊन मीच लिहिलाय. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. भरल्याशिवाय फॉर्म पुढे जायचाच नाही. 'काळा' हा पर्याय क्लायंटने दिलेल्या यादीत नव्हता आणि तो का नाही हे मी विचारलंही नाही. टेस्टिंगमध्ये एकही बग निघाला नाही!

कँटीनमध्ये हा विषय निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, हे सगळं इंग्रजांनी आणलं. दोन, आपले देवच काळे, आपण कसले रंगभेदी?

आधी इंग्रज. महाभारत सांगणारे व्यास म्हणजे कृष्ण द्वैपायन, रंगाने काळे. ते समोर आले तेव्हा तो काळा रंग, जटा आणि धगधगते डोळे बघून अंबिकेने डोळे मिटून घेतले, म्हणून धृतराष्ट्र आंधळा जन्मला. अंबालिका भीतीने पांढरी पडली, म्हणून पांडू. ही गोष्ट इंग्रजांचं जहाज इकडे फिरकण्याच्या कितीतरी आधीची आहे. त्यांनी तेल ओतलं असेल, चूल आपलीच होती.

आता देव. विठोबा काळा, राम-कृष्ण सावळे, द्रौपदीचं तर नावच कृष्णा. सगळं कबूल. मग कॅलेंडरवरचा कृष्ण निळा का? १९८८ साली टीव्हीवर सुरू झालेल्या महाभारतातली कृष्णा गोरी का? आणि नाशिकचं काळाराम मंदिर आठवा. आत काळ्या पाषाणाचा राम, आणि २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्याच रामाच्या दारात माणसांना अडवलेलं. तो प्रश्न जातीचा होता, रंगाचा नव्हता, हे मान्य. पण देवाच्या गुणांचा माणसाला कितपत उपयोग होतो, ते त्या दारात कळलं. काळा रंग आपल्याला दगडात चालतो, बोहल्यावर चालत नाही.

बरं, १९५६ ला नागपुरात ज्यांनी धर्मच बदलला, त्यांच्याकडे तरी हा रकाना गेला का? माझा जुना टीममेट बौद्ध आहे. बहिणीसाठी स्थळं बघताना त्यालाही पहिला प्रश्न तोच आला, "रंगाने कशी आहे?" त्यानेच मला दाखवलं, की महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांत सोन्यासारखी कांती आहे. महासच्चक सुत्तात बुद्ध आपल्या कडक उपासाची आठवण सांगतात. लोक म्हणायला लागले, गौतम काळा झाला. कुणी म्हणे सावळा. इतकी त्यांची उजळ कांती उतरली होती. पालीत कुरूप माणसाला 'दुब्बण्ण' म्हणतात, म्हणजे शब्दशः वाईट रंगाचा. आणि त्याच परंपरेतलं वासेट्ठ सुत्त सांगतं, की गवत, किडे, पाखरं यांच्यात जन्माची वेगळी खूण असते, माणसांत ती नसते. केसांत नाही, डोळ्यांत नाही, रंगातही नाही. हे वाचून थायलंडसारख्या बौद्ध देशातली गोरेपणाची हौस संपली का? २०१६ च्या जानेवारीत तिथल्या एका जाहिरातीत गोरं असाल तरच जिंकाल असं सांगितलं होतं, ती ओरड झाल्यावर मागे घ्यावी लागली.

तेव्हा ग्रंथांच्या मागे लपणं बंद करू. पाहिजे ते वचन दोन्हीकडे सापडतं. आपण कुठलं उचलतो ते फॉर्म भरताना कळतं.

२०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला. चांगलं झालं. पण आमच्या धंद्यात नवशिक्यालाही माहीत असतं, की कॉलमचं नुसतं नाव बदललं तर आतला डेटा तसाच राहतो. 'उजळ', 'तेजस्वी', 'गव्हाळ' ही नुसती नावं आहेत. कॉलमच उडवावा लागतो.

म्हणून काल रात्री बायोडेटातली ती ओळच मी उडवली. 'सावळी' नाही, 'काळी' नाही, काहीच नाही. फोटो मात्र साईटवरचा लावला, भर उन्हातला, डोक्यावर हेल्मेट घातलेला. ज्याला बघायचंय त्याने बघावं.

ताई सकाळपासून फोन उचलत नाहीये. भाचीचा एका ओळीचा मेसेज आलाय, "मामा, आईला मी सांगते."

मी लिहिलेला तो ड्रॉपडाऊन आता कुठल्या सर्व्हरवर आहे, आहे की नाही, देव जाणे. तुमच्या कपाटात किंवा मेलमध्ये मात्र एखादा बायोडेटा नक्की असेल. काढा तो बाहेर, आणि ती एक ओळ खोडा. बास, इतकंच.