जुन्या गाडीत ‘पावर’ टाकू का?

गजानन महाराज मंदिराच्या चौकातून पुंडलिकनगरात शिरले की घराघरांसमोर मारुती ८००, झेन, सॅन्ट्रो, जुन्या वॅगन आर उभ्या दिसतात. हौस म्हणून जपलेल्या या गाड्या नव्हेत. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी वाळूज-चिकलठाण्याच्या कंपनीतून बाहेर पडलेला कामगार. गाडी रोजच्या वापराची आणि नवी घेण्याचा विचार नाही. ही मंडळी सध्या प्रत्येक गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारतात: साध्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते म्हणतात, मग पावर, म्हणजे जास्त ऑक्टेनचे महागडे पेट्रोल, टाकू का? आणि आपल्यातले बरेच जण हातातला पाना खाली न ठेवता ‘टाका, चांगले असते’ असे सांगून मोकळे होतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक दर महिन्याला मोजते.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद, हा समज आधी आपल्या डोक्यातून जायला हवा. दाबाखाली पेट्रोल स्वतःहून, प्लगच्या ठिणगीआधी पेटू नये, ही क्षमता तो आकडा सांगतो. कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चे कॉम्प्रेशन नऊच्या आसपास. टायमिंग डिस्ट्रिब्युटरवर आपणच बांधलेले. नॉक सेन्सर नाही. अशा इंजिनाला ९१ ऑक्टेनवर ठोका येत नसेल, तर ९५ किंवा १०० टाकून त्याला काहीही जास्तीचे मिळत नाही. पेट्रोल बदलले हे त्या इंजिनाला कळण्याची सोयच नाही.

त्यातच साध्या नोझलचे पेट्रोल आता पूर्वीचे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ इंधन आले तेव्हा साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ पर्यंत गेले, असे पेट्रोलियम मंत्रालयच सांगते. म्हणजे ज्या ९५ साठी गिऱ्हाईक लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजते, ते साध्या नोझलमधूनही येतेच आहे. महागड्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारे रसायन असते, हे खरे. एमपीएफआय गाडीला त्याचा थोडा उपयोग होतो. कार्बोरेटरच्या गाडीत इंजेक्टरच नाही.

तरीही गिऱ्हाइकाची भीती खोटी नाही. ती ऑक्टेनची नसून इथेनॉलची आहे, आणि तिथे आपल्याला खरे काम आहे. पाच टक्के इथेनॉलचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला तोच मुळी आपल्या मिरज आणि मनमाडला, सोबत उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. दहा टक्क्यांपर्यंत यायला २०२२ उजाडले. तिथून वीसवर मात्र आपण तीन वर्षांत पोचलो. गाड्यांना तेवढ्या वेगाने बदलता आले नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिले आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. तेव्हा ‘गाडी पेट्रोल जास्त खाते’ म्हणणाऱ्याला उगाच ट्यूनिंगचे बिल लावू नका.

कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण लीन होते, कारण इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येते. सकाळी चोक जास्त लागतो, पिकअपला गाडी अडखळते. त्यावर उपाय जेट आणि मिक्श्चर स्क्रूपाशी आहे. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी हे आपले आपण सावरून घेते. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकटा आणि गंज इथेनॉल सुटा करते. पहिल्या काही टाक्यांतच फिल्टर तुंबतो. सर्वांत महत्त्वाचा रबरी पाइप. तो बोटांत धरून वाकवा. बाकावर बारीक भेगा दिसल्या, किंवा दाबल्यावर तो फुगलेला, लिबलिबीत लागला, तर त्याच दिवशी इथेनॉल चालणारा पाइप टाका. गळणारे पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडले तर गाडी पेटते. पंपाचा डायफ्रॅम, फ्लोटची सुई, ओ-रिंग यांचीही हीच तपासणी.

पावर टाकल्याने यातून सुटका होते का? पाटीवर ९५ लिहिले म्हणजे इथेनॉल नाही, असे कुणीही समजू नये. खात्री गॅरेजमध्येच करता येते. खुणा असलेला काचेचा सिलिंडर घ्या. त्यात १०० मिली पेट्रोल आणि २० मिली पाणी घाला, हलवा, दहा मिनिटे ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा थर २० वरून ४० च्या आसपास चढला, तर समजा वीस टक्के आहे. हे उघड्यावर करा, आसपास विडी आणि वेल्डिंग नको. गिऱ्हाइकासमोर केलेत तर फार बोलावे लागणार नाही. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते. २०२० मध्ये दिल्लीत ते आले तेव्हाच लिटरला १६० रुपये होते. रोजच्या गाडीसाठी तो रस्ता नाही.

आता ठोक्याबद्दल, कारण इथे आपलाच हात गुंतलेला आहे. चढावर इंजिन ठोकू लागले की ‘पावर टाका’ म्हणून ठोका दाबणे सोपे. तो का आला हे बघणे कष्टाचे. आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी जाते. नळ्यांत क्षार बसतात, इंजिन तापते, ठोका येतो. त्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशीपार. मग कुणी थर्मोस्टॅट काढून टाकतो. गाडी तापायची थांबते, पण इंजिन कायम थंड चालते आणि कार्बन साचतो. कार्बन साचला की त्याच इंजिनाला जास्त ऑक्टेन लागू लागते. थर्मोस्टॅट काढण्याची ही पद्धत बंद झाली पाहिजे. रेडिएटर रॉडिंग, कूलंट, नवा थर्मोस्टॅट, डीकार्ब, टायमिंग: महिन्याला चाळीस लिटर पेट्रोल लागणाऱ्या माणसाचे पावरपायी वर्षाला साडेतीन हजार जास्त जातात, ते पैसे इथे लागू द्या.

अपवाद आहे, आणि तो आपल्याच गावचा. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून जुळवलेल्या स्कोडा आता आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. त्यातल्या टर्बो पेट्रोल गाड्यांचे गणित वेगळे: नॉक सेन्सर ठोका ऐकून टायमिंग मागे घेतो, ऑक्टेन कमी पडले तर पिकअप जातो. अशा गाडीच्या झाकणामागचे स्टिकर वाचा. ९५ मागितले असेल तर ९५ च द्यायला सांगा. नंतर पाइप आणि सील तपासा, कारण त्या गाडीतही इथेनॉल तेच आहे.

तेल कंपन्यांकडे आमची मागणी आहे की, साधे असो वा महाग, प्रत्येक नोझलवर ऑक्टेनच्या शेजारी इथेनॉलची टक्केवारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहावी. ती येईपर्यंत काचेचा सिलिंडर प्रत्येक गॅरेजच्या फळीवर असू द्या.