पंखाच्या टोकाची नोंद कुठे होते?

रिसोड तालुक्यातल्या रिठदहून पाहणाऱ्यासाठी विमान म्हणजे आजवर आभाळात उमटणारी एक पांढरी रेघ होती. आता ते जवळ आले आहे. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन होऊन मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच आवारात वर्षाला 180 वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे एअर इंडियाने जाहीर केले आणि तिच्यासाठी 34 छोटी विमाने मागवली. वाशीम जिल्हा अमरावती विभागातलाच. इथल्या बारावी विज्ञानाच्या मुलामुलींना वैमानिक होणे निदान कल्पनेत तरी परवडू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणूनच एक प्रश्न आत्ताच विचारायला हवा. इतकी शिकाऊ विमाने एका विमानतळावर उभी राहणार, सुरू होणार आणि एकाच धावपट्टीकडे सरकणार. सरकताना ती एकमेकांना घासली, तर त्याची खबर कोणाला आणि कशी लागणार?

हवेत विमानाला जागाच जागा असते. अडचण होते ती जमिनीवर. चार आसनी पायपर किंवा सेस्ना विमानाचे दोन्ही पंख मिळून सुमारे अकरा मीटर भरतात. म्हणजे वैमानिकाच्या बसण्याच्या जागेपासून प्रत्येक टोक पाच मीटरहून अधिक दूर असते. दिशा पायातल्या पेडलांनी द्यायची, ब्रेकही पायांनीच लावायचे, आणि पुढे अडथळा दिसला तर मागे घ्यायची सोय नाही, कारण अशा विमानांना मोटारीसारखा रिव्हर्स गिअर नसतो. उड्डाणापूर्वीची बरीचशी कामे असे जमिनीवर सरकतानाच येतात: रेडिओवर बोलणे, यादीतल्या बाबी तपासणे, पडद्यावर मार्ग भरणे. शिकाऊ मुलाची नजर बाहेर हवी तेव्हाच ती आत गुंतते. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात ट्रॉली मागे घेताना कोणीतरी उतरून मागे उभा राहतो आणि हाताने इशारा देतो. ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉलीचा कोपरा दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. विमानाच्या पंखाच्या टोकाशीही असा माणूस लागतो. फरक एवढाच, की इथे पुढे फिरणारा पंखा असतो. वेगात फिरताना तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि माणसाला लागला तर वाचण्याची आशा फारशी नसते.

आता नोंदीचे पाहू. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात ‘अपघात’ या शब्दाची व्याख्या आहे. माणूस दगावला वा गंभीर जखमी झाला, किंवा विमानाच्या रचनेचे मोठे नुकसान झाले, तर तो अपघात. मात्र नुकसान पंखांची टोके, प्रोपेलर, अँटेना, टायर, ब्रेक यांपुरते असेल, तर ते त्यातून वगळलेले आहे. व्याख्या करणाऱ्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. प्रत्येक ओरखड्याची मोठी चौकशी कोणत्याच देशाला झेपणार नाही. पण परिणाम पाहा. छोट्या विमानांच्या जमिनीवरच्या धडकेत पहिला मार बसतो तो नेमका याच भागांना. घटना नियामकाला कळवली जाते, पण अपघातांच्या आकड्यांत ती येत नाही. मग पालक, विद्यार्थी आणि विमानतळाशेजारची गावे यांच्यापुरती ती घडलेलीच नसते.

यावर कोणी म्हणेल की चालण्याच्या वेगाने झालेल्या धडकेत कोण मरतो? चिंता करायची तर हवेतल्या अपघातांची करा. बहुतेक वेळा हे खरेही आहे. 27 मार्च 2024 रोजी कोलकात्यात इंडिगोच्या सरकत्या विमानाचा पंख एअर इंडिया एक्स्प्रेसच्या उभ्या विमानाला घासला, आणि कोणाला काही झाले नाही. पण 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटे जेट चुकीच्या टॅक्सी-वेवरून, म्हणजे विमाने सरकण्याच्या वाटेवरून, थेट चालू धावपट्टीवर आले. उड्डाण घेणारे प्रवासी विमान त्यावर आदळून 118 माणसे गेली. तिथल्या खुणा आणि फलक अपुरे होते, जमिनीवरचे रडार बंद होते. त्याआधी 19 नोव्हेंबर 1996 रोजी अमेरिकेतल्या क्विन्सी या नियंत्रण मनोरा नसलेल्या विमानतळावर उतरणारे छोटे प्रवासी विमान आणि उड्डाण घेणारे दुसरे विमान एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतली मिळून 14 माणसे दगावली. तिसऱ्याच विमानाने रेडिओवर दिलेले उत्तर प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी समोरच्याचे समजले होते. वाट चुकणे, खूण न दिसणे, दुसऱ्याचे बोलणे आपल्याला हवे तसे ऐकणे, या चुका एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेत, झाल्या तर पंखाचे टोक जाते आणि धावपट्टीवर झाल्या तर माणसे जातात. ओरखडे मोजायचे ते यासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओरखडे जाहीर केले तर संस्था आणि मुले ते लपवतील, असे विमान क्षेत्रातले जाणते सांगतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देणे सुरू केले आहे. प्रत्येक कळवलेल्या घटनेमागे गुण कापले गेले, तर तोंड बंद ठेवणेच फायद्याचे ठरेल. आणि घासलेल्या पंखाची तपासणी न करता तेच विमान दुसऱ्या मुलाच्या हाती गेले, तर संकट हवेत पोहोचेल. म्हणून कळवणाऱ्याला शिक्षा नको आणि नावही नको. दडवल्याचे उघड झाले तर मात्र कडक कारवाई हवी. प्रसिद्ध व्हावी ती फक्त माहिती: कोणत्या वळणावर, किती वाजता, कोणत्या कामात नजर आत असताना घडले. एकाच वळणाचा उल्लेख तीनदा आला, तर पिवळी रेघ पुन्हा आखायला आणि तिथे एक माणूस उभा करायला फारसा पैसा लागत नाही.

विदर्भात प्रशिक्षण आणि प्रवासी सेवा शेजारी शेजारी असणे नवे नाही. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर ते आधीपासून आहे. बेलोऱ्यात ती गर्दी आणखी वाढणार. राज्यातल्या प्रत्येक प्रशिक्षण संस्थेच्या जमिनीवरच्या धडकांचे एक पान महासंचालनालयाने दर तीन महिन्यांनी मराठीतून प्रसिद्ध करावे, आणि ते श्रेणीपत्रकाच्या शेजारी लावावे. लेकीच्या शिक्षणासाठी शेत गहाण ठेवायला निघालेल्या बापाला सही करण्याआधी ते वाचता आले पाहिजे.