पवित्र शास्त्राचा अधिकार व आपला अभ्यास

ख्रिस्ती कुटुंबांत पवित्र शास्त्राला मोठा मान असतो. कोठें तें स्वच्छ रुमालांत गुंडाळून ठेवतात, कोठें त्याच्यावर दुसरें पुस्तक ठेवूं देत नाहींत, कोठें त्याच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म, बाप्तिस्मे व लग्नें यांची नोंद करतात. आणि घरांत संकट आलें म्हणजे प्रथम त्याचीच आठवण होते. ही पूज्यबुद्धि चांगली आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या रुमालाची गांठ आठवड्यांतून किती वेळां सुटते, आणि सुटल्यावर जें वाचलें जातें त्यांतलें किती समजतें, असा प्रश्न कोणीं केला तर उत्तर देतांना पुष्कळ घरांना अडखळावें लागेल. ज्या ग्रंथाला आपण देवाचें वचन म्हणतों, त्याचा मान तो जपून ठेवण्यांत आहे कीं समजून घेण्यांत, याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों: जो ग्रंथ प्रमाण मानावयाचा, त्याचा अभ्यास इतर सर्व ग्रंथांपेक्षां अधिक काळजीनें झाला पाहिजे. अभ्यास टाळून दिलेला मान हा खरा मान नव्हे.

यावर कोणी म्हणतील, “शास्त्र प्रमाण आहे ना? मग प्रश्न विचारावयाचे कशाला? विश्वास ठेवावा, आज्ञा पाळावी, म्हणजे झालें.” हें बोलणें वरवर भक्तीचें दिसतें. पण आज्ञा पाळावयाची तर ती अगोदर कळली पाहिजे. धन्याचें पत्र आलें असतां तें न उघडतांच कपाळाला लावून कोनाड्यांत ठेवणाऱ्या चाकराला कोणी आज्ञाधारक म्हणणार नाहीं. शिवाय खुद्द शास्त्रच या मताच्या उलट साक्ष देतें. नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायांत एज्रा शास्त्री सर्व लोकांपुढें सकाळपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ फोड करून सांगतात. लोकांना जो आनंद होतो तो वाचलेलें समजलें म्हणून होतो. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा एक मोठा अधिकारी रथांत बसून यशयाचा ग्रंथ वाचीत असतां फिलिप्प त्याला पहिला प्रश्न करतो तो अर्थाविषयीं; आणि तो थोर मनुष्य कोणी समजावून सांगितल्यावांचून आपणांस कळत नाहीं असें मोकळ्या मनानें सांगतो. त्याच पुस्तकांत बिरुया नगरच्या लोकांची वाखाणणी केली आहे. ती कशासाठीं? पौलासारख्या प्रेषितानें सांगितलेली गोष्टहि शास्त्राशीं जुळते कीं नाहीं, हें ते रोज शोधून पाहत असत यासाठीं. आणि सार्वकालिक जीवनाविषयीं विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभु येशूनें उलट जें विचारलें, त्यांत नियमशास्त्रांत काय लिहिलें आहे एवढेंच नव्हे, तर तूं तें कसें वाचतोस, हाहि प्रश्न होता. तेव्हां समजून वाचणें हें अश्रद्धेचें लक्षण नसून शास्त्रानेंच घालून दिलेला शिरस्ता आहे.

आतां हा ग्रंथ कोणत्या प्रकारचा आहे हें पाहूं. आपण त्याला एक पुस्तक म्हणतों, पण वस्तुतः तें एक ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलांत ६६ पुस्तकें आहेत, रोमन कॅथॉलिक मंडळीच्या बायबलांत ७३. जुना करार बहुतेक सर्व इब्री भाषेंत असून त्याचा थोडा भाग अरामी भाषेंत आहे. नवा करार ग्रीक भाषेंत लिहिला गेला. शेंकडों वर्षांच्या अवधींत राजे, मेंढपाळ, कोळी, वैद्य, कवि अशा नाना स्थितींतील माणसांच्या मुखांतून व हातांतून तो आपणांस मिळाला. त्यांत इतिहास आहे, कायदा आहे, १५० स्तोत्रें आहेत, म्हणी आहेत, दृष्टांत आहेत आणि खाजगी पत्रेंहि आहेत. आपण ज्या अध्यायांच्या व वचनांच्या आंकड्यांनीं उतारे शोधतों, ते आंकडे तर मूळ लेखकांचे नव्हतच. अध्यायांची प्रचलित विभागणी तेराव्या शतकांतील आहे, आणि नव्या करारांतील वचनांचे आंकडे रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्यानें १५५१ सालीं प्रथम घातले. उतारा शोधण्यास ते फार सोयीचे आहेत. पण त्यांच्यामुळें एक खोड लागली आहे. प्रत्येक वचन म्हणजे सुटा मणी असें आपण समजूं लागलों, आणि मणी ओंवलेला दोरा दृष्टीआड झाला.

या खोडीचा परिणाम किती वाईट होतो हें ईयोबाच्या पुस्तकावरून कळेल. ईयोबावर संकटें कोसळलीं असतां त्याचे मित्र पुष्कळ अध्यायभर बोलतात. त्यांचें बोलणें भारदस्त व धार्मिक वाटतें. त्यांतील एखादें वाक्य काढून भिंतीवर टांगावें असें कोणासहि वाटेल. पण पुस्तकाच्या शेवटीं परमेश्वर स्वतः त्या मित्रांना दोष देतो; ते आपल्याविषयीं योग्य बोलले नाहींत असें सांगतो. म्हणजे ज्यानें शेवटचा अध्याय वाचला नाहीं, तो देवानें नाकारलेलें मत देवाचें वचन म्हणून दुसऱ्याला सांगेल. आणि बहुधा एखाद्या दुःखी मनुष्यालाच सांगेल! फार कशाला, अरण्यांत प्रभूची परीक्षा झाली तेव्हां सैतानानेंहि स्तोत्रांतील वचनच पुढें केलें होतें. प्रभूनें त्याला उत्तर दिलें तें शास्त्र बाजूस सारून नव्हे, तर शास्त्राला शास्त्र लावून.

ही केवळ पंडितांची गोष्ट आहे असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये. चुकीच्या वाचनानें माणसांच्या पायांत बेड्या पडल्या आहेत. अमेरिकेंत गुलामगिरी चालू होती तेव्हां तिचे कैवारी बायबल हातांत घेऊनच तिचें समर्थन करीत. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांतील नोहाचा शाप आफ्रिकेच्या लोकांना लागू आहे, असें ते म्हणत. वास्तविक तो शाप कनानाचें नांव घेऊन उच्चारलेला आहे. आफ्रिकेचा तेथें उल्लेखहि नाहीं. याहून बोलका पुरावा म्हणजे १८०७ सालीं लंडन येथें छापलेलें एक पुस्तक. वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठीं बायबलांतील निवडक भाग म्हणून तें तयार केलें होतें. त्यांत योसेफ गुलाम म्हणून मिसरांत कसा गेला ती गोष्ट ठेवली. पण मोशेनें इस्राएल लोकांना मिसराच्या दास्यांतून बाहेर काढलें, ती कथा मात्र गाळली! गाळणाऱ्यांना तिचा अर्थ पक्का ठाऊक होता. संपूर्ण शास्त्र गुलामांच्या हातीं पडलें तर तें काय बोलेल, याची त्यांना भीति वाटली. उलट पक्षीं, गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्या पुष्कळांनीं बळ घेतलें तें याच ग्रंथांतून: निर्गमाच्या कथेंतून, संदेष्ट्यांच्या न्यायाच्या हांकेंतून, आणि फिलेमोनाला पौलानें पाठविलेल्या त्या लहानशा पत्रांतून, ज्यांत अनेसिम या दासाला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधु म्हणून परत घ्यावें अशी विनंति आहे. ग्रंथ एकच; वाचणारे दोन. एकानें आपल्या सोयीपुरतें वाचलें, दुसऱ्यानें सबंध वाचलें. आमच्या मतें शास्त्राचा अधिकार मानणें याचा खरा अर्थ येथेंच दिसतो. शास्त्राला आपल्या मताचा साक्षीदार करणें म्हणजे त्याचा अधिकार मानणें नव्हे. त्यानें आपलें मत बदलण्यास सांगितलें तर तें बदलण्याची तयारी ठेवणें, हें त्याचा अधिकार मानणें होय.

मग वाचावें कसें? आमच्या दृष्टीनें चार गोष्टी पुरे आहेत. पहिली, तुकडे न वाचतां पुस्तक सबंध वाचावें. निदान एखाद्या वचनाच्या मागचा व पुढचा मजकूर वाचल्याशिवाय त्याचा उपयोग करूं नये. दुसरी, कोण, कोणाला व कोणत्या प्रसंगीं बोलत आहे हें पाहावें. तिसरी, लेखाचा प्रकार ओळखावा. यशया जेव्हां वनांतील झाडें टाळ्या वाजवितील असें म्हणतो, तेव्हां तो कविता करीत आहे. त्यावरून वनस्पतिशास्त्राचा धडा काढावयाचा नाहीं. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायांत मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणें उत्तर देऊं नये असें एक वचन आहे, आणि लगेच पुढच्या वचनांत द्यावें असें सांगितलें आहे. घाईचा वाचक म्हणेल, विरोध आला. विचारी वाचक म्हणेल, केव्हां बोलावें व केव्हां गप्प राहावें हें प्रसंग पाहून ठरवावयास मला शिकविलें जात आहे. चौथी गोष्ट सर्वांत कठीण: जेवढें समजलें तेवढें आचरणांत आणावें. शेजारी कोण, या प्रश्नाचें उत्तर शोमरोन्याच्या दृष्टांतांत मिळाल्यावर वर्गांतील एकट्या पडलेल्या मुलाजवळ जो जाऊन बसत नाहीं, त्याचा अभ्यास परीक्षेंत पूर्ण गुण मिळवूनहि अपुराच राहिला.

अभ्यासानें श्रद्धा डळमळेल अशी भीति कित्येक वडील माणसांस वाटते. त्यांनीं महाराष्ट्राचेंच उदाहरण पाहावें. मराठी नवा करार १८११ सालीं श्रीरामपूर येथें विल्यम केरी यांच्या देखरेखीखालीं मोडी लिपींत छापला गेला, आणि त्यानंतर मुंबईस अमेरिकन मिशनरी मंडळींनीं स्वतंत्र भाषांतर करून १८२६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें आणखी सुधारणा झाल्या. पण पंडिता रमाबाई यांना साध्यासुध्या बायकांना समजेल असें मराठी बायबल पाहिजे होतें. संस्कृताच्या विदुषी म्हणून ज्यांचा लौकिक सर्व देशांत झाला होता, त्या बाईंनीं या कामासाठीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि केडगांव येथील मुक्ति सदनाचा सर्व भार अंगावर असतां मूळ भाषांवरून सबंध बायबलाचें भाषांतर पुरें केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. याच रमाबाई इंग्लंडांत असतां, आपल्या गुरुस्थानीं असलेल्या भगिनींशीं धर्मतत्त्वांविषयीं पत्रांतून निर्भीडपणें वाद करीत. मंडळी सांगते एवढ्याच कारणानें त्या एखादी गोष्ट मान्य करीत नसत. प्रश्न विचारण्यानें त्यांची श्रद्धा कमी झाली काय? ज्या पुस्तकाला त्यांनीं इतके प्रश्न केले, त्याच पुस्तकाला त्यांनीं आपलें आयुष्य वाहिलें.

हस्तलिखितांच्या शोधाविषयींहि हेंच म्हणतां येईल. १९४७ सालापासून मृत समुद्राजवळील कुमरानच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सांपडल्या. त्यांत यशयाच्या ग्रंथाची एक प्रत होती, आणि ती तोंवर हातीं असलेल्या संपूर्ण इब्री प्रतींहून सुमारें एक हजार वर्षांनीं जुनी ठरली. पंडितांनीं दोहोंची तुलना केली. वर्णलेखनांत व शब्दांत पुष्कळ लहान फरक आढळले. पण ग्रंथ तोच होता. नक्कल करणाऱ्या कित्येक पिढ्यांनीं हें काम किती निष्ठेनें केलें, हें शोध केल्यामुळेंच कळलें. न केल्यानें कळलें नसतें.

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत. त्यांच्या पालकांस आम्हांला मोकळेपणानें सांगावयाचें आहे कीं, पवित्र शास्त्र ख्रिस्ती मनुष्याला प्रमाण आहे म्हणून तें सर्वांनीं प्रमाण मानावें असा आग्रह येथें नाहीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या २८ व्या कलमाप्रमाणें, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाहि विद्यार्थ्यावर त्याच्या, व तो अल्पवयी असल्यास पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणाची सक्ती करतां येत नाहीं. आणि कायदा नसता तरीहि सक्तीचा विश्वास हा विश्वासच नव्हे. परंतु शेजाऱ्याचा ग्रंथ शेजारी कसा वाचतो हें जाणण्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. ख्रिस्ती मुलांनींहि आपल्या मित्रांच्या धर्मग्रंथांकडे याच आदरानें पाहावें. शिवाय सबंध वाचावें, प्रसंग पाहावा, सोयीचें तेवढें उचलूं नये, हे नियम कोणत्याहि प्रमाणग्रंथाच्या वाचकाला उपयोगी पडतील.

शेवटीं एक सूचना. वचनें पाठ म्हणून दाखविणाऱ्या मुलांना बक्षिसें देण्याची चाल पुष्कळ शाळांत व शब्बाथ-शाळांत आहे. ती मोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. पाठांतर म्हणजे कणगींत धान्य भरणें. तें भरलेलें असावेंच. पण दळल्यावांचून भाकरी होत नाहीं. म्हणून पाठ म्हटलेल्या वचनाचा मागचापुढचा संबंध व अर्थ मुलानें आपल्या शब्दांत सांगावा, आणि बक्षीस त्यावर ठरावें. आणि पालकांनीं घरीं एवढें करावें: लूककृत शुभवर्तमान घ्यावें. तरुण रमाबाईंच्या हातीं बंगाली भाषेंत प्रथम आलें तें हेंच. त्याचे २४ अध्याय आहेत. रोज रात्रीं जेवणानंतर एक अध्याय मोठ्यानें वाचावा, आणि वाचून झाल्यावर प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारूं द्यावा. उत्तर आलें नाहीं तर रागावूं नये. प्रश्न कागदावर टिपून ठेवावा व जाणत्या मनुष्याला विचारावा. महिना संपण्यापूर्वीं एक पुस्तक सबंध वाचून होईल, आणि रुमालाची गांठ बांधण्याची गरजच उरणार नाहीं.